जयू ‘भाऊ’ म्हणाली

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

उज्जैन
१८ सप्टेंबर २०००

चि. शरच्चंद्र यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणतोस, पत्र कशाला, फोन करत जा. फोनवर तू हं हं म्हणत दुसरंच काहीतरी वाचत असतोस, ते मला इथवर ऐकू येतं. पत्र निदान हातात तरी धरावं लागतं. म्हणून लिहिते.

आपल्या जयूचं काही खरं नाही रे. गणपती बसले तेव्हापासून पोरगी बिघडलीच आहे. पोरगी म्हणते मी, पण चाळिशीला आली ती. आई गेल्यापासून माझ्याजवळ इतकी वर्षं राहते, तिने कधी ताटाला पाय लावला नाही, आणि आता ताट भिरकावून देते. गोड शिरा केला तरी एक घास चावून थुंकते. केस विंचरू देत नाही. भैरवगढची ती लाल-काळ्या छापाची चादर आहे ना, ती डोक्याभोवती अशी करकचून गुंडाळून बसते की सोडवायला गेलं तर चावायला येते. मधेच भिंतीवर डोकं आपटते. शाळेत तीस वर्षं पोरी सांभाळल्या मी, पण असा जीव कधी मेटाकुटीला आला नव्हता.

आपल्या गोपाळ डॉक्टरांकडे नेलं होतं. बुशशर्टाच्या खिशात पेन खोचून बसलेले. जयू समोर स्टुलावर बसलेली, आणि सगळी पूछताछ माझ्याशी. खाती है क्या, सोती है क्या, गुस्सा करती है क्या. जशी काही मी बाजारातून भोपळा आणलाय आणि तो आतून सडका निघाला! घसा पाहिला, तापाच्या गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगून दिलं की या लोकांचं असंच असतं, वय वाढलं की हट्ट वाढतो. मला असा संताप आला की तिथेच दोन शब्द सुनावून आले.

माझं मन सांगतं की तिला कुठेतरी दुखतंय. कुठे, ते कळत नाही. तुझ्या मुंबईत एवढे मोठमोठे डॉक्टर आहेत. असा एखादा शोध, जो माझ्याशी नाही, तिच्याशी बोलेल. बस, एवढंच मागणं आहे.

पल्लवीला आणि गौरीला आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर तो आहे हे मलाही पटेल.

तुझी
अक्का


मुंबई
२५ सप्टेंबर २०००

ती. अक्कास शरच्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि तू काळजी करू नकोस हे सांगायला लगेच लिहितो आहे. (बघ, हं हं न करता पूर्ण वाचलं!)

योग असा की आमच्या कंपनीने तुमच्या फ्रीगंजातल्या एका नव्या हॉस्पिटलात टेलिमेडिसिनची यंत्रणा नुकतीच बसवली आहे. तिकडे कॅमेरा आणि टीव्ही, इकडे मुंबईत कॅमेरा आणि टीव्ही. पेशंट उज्जैनमध्ये बसतो, तज्ज्ञ मुंबईत बसतो, आणि दोघं समोरासमोर असल्यासारखे बोलतात. रेल्वेचा त्रास नाही, हॉटेल नाही. जमाना बदलला, अक्का. आमच्या डायरेक्टरसाहेबांना उद्घाटनाला एक चांगली केस हवीच होती. मी म्हटलं, माझी बहीणच आहे. साहेब इतके खूश झाले!

डॉ. सुहास टिपणीस मतिमंदांच्या बाबतीत मोठं नाव आहे. मराठीच आहेत, म्हणजे भाषेचीही अडचण नाही. तुझं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं, की पेशंटशीच बोला. ते म्हणाले की त्यांची पद्धत तीच आहे. मी स्वतः त्यांच्या शेजारी बसणार आहे.

४ ऑक्टोबरला बुधवारी अकरा वाजता जयूला घेऊन पोच. तिला हिरवी साडी नेसव, कॅमेऱ्यावर तो रंग छान येतो. पल्लवी म्हणते की आता अक्काही टीव्हीवर दिसणार, तेव्हा त्यांनाही चांगली साडी नेसायला सांगा.

तुझ्या आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहू दे.

तुझा
शरच्चंद्र


उज्जैन
५ ऑक्टोबर २०००

चि. शरच्चंद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा टीव्हीतला डॉक्टर झाला काल. हिरवी साडी मी नेसवली नाही, तिला मऊ जुनी आवडते ती नेसवली, आणि डोक्याची चादर सोडवायला गेले तर तिने ऑटोतच असा गोंधळ घातला की ऑटोवाला घाबरून उतरला. मग तशीच नेली.

काय ते हॉस्पिटल! सगळीकडे काचाच काचा, आणि दारात हारतुरे घेऊन माणसं उभी. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी जयूच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि फोटो काढला. तिने फूल खायला घेतलं तर सगळे हसले. शी! दुखणाईत माणसाला बघून दात काढणारे हे लोक.

मग खोलीच्या दारात मलाच अडवलं. म्हणे नातेवाईक बाहेर. मोठ्या डॉक्टरांची तशी सूचना आहे, नातेवाईक पेशंटच्या वतीने उत्तरं देतात, मग पेशंटचं स्वतःचं म्हणणं कळत नाही. आता यावर मी काय बोलणार? माझंच मागणं माझ्याच गळ्यात आलं. अरे, तिच्याशी बोला म्हटलं होतं मी, तिला एकटीला टाकून बोला म्हटलं नव्हतं!

बाहेरून काचेतून ती पाठमोरी दिसत होती. आवाज काही ऐकू येत नव्हता. पण शरू, ती बोलत होती! महिनाभर घरात हूं की चूं केलं नाही आणि तिथे मान हलवून हलवून, पुढे झुकून त्या टीव्हीला काहीतरी सांगत होती. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आणली आणि माझ्या हातात गोळ्यांचा कागद दिला. काय झालंय म्हणून विचारलं तर टायवाले म्हणाले की रिपोर्ट मुंबईहून येईल, गोळ्या सुरू करा.

गोळ्यांनी ती झोपते. इतकी झोपते की उठवून पाणी पाजावं लागतं. आपटणं थांबलंय हे खरं, पण मला ही शांती काही बरोबर वाटत नाही. ती काय म्हणाली तिथे, ते मला शब्दन् शब्द लिहून पाठव. बाकी काही लिहू नकोस.

कळावे. माया जास्त आहे म्हणूनच रागही जास्त आहे.

अक्का


मुंबई
६ ऑक्टोबर २०००

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अक्का, काय लिहू? परवाचं सगळं अजून डोळ्यांसमोर आहे.

सुरुवातीला सगळं जरा विस्कळीतच चाललं होतं. आवाज पोचायला दोन-तीन क्षण लागतात, त्यामुळे डॉक्टरांचा पुढचा प्रश्न गेला की जयूचं मागच्याचं उत्तर यायचं. पोट दुखतं का, हो. डोकं दुखतं का, हो. झोप येते का, हो. झोप येत नाही का, हो. डॉक्टर हसून मला इंग्रजीत म्हणाले की अशा पेशंटच्या होकाराला काही अर्थ नसतो, आपण निरीक्षणावर जाऊ.

आणि मग ते घडलं. कोणी काही विचारलं नसताना जयू अगदी कॅमेऱ्याजवळ आली, पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांकडे बघत म्हणाली, भाऊ. पुन्हा म्हणाली, भाऊ. एकसारखी भाऊ, भाऊ, भाऊ! आणि उजवा हात मूठ करून कानाला लावला, आपण फोनचा रिसीव्हर धरतो तसा. चादरीवरूनच. डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी विचारलं की भावाची आठवण येते का, तर हो म्हणाली. भावाने फोन करायला हवा का, हो! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डायरेक्टरसाहेबांनीही चष्मा काढला. बारा-पंधरा वर्षं मी दूर आहे, राखीला कधी आलो, कधी नाही, आणि तिने हे सगळं मनात धरून ठेवलं होतं.

तेव्हा अक्का, दुखण्याबिखण्याचं काही नाही. हे विरहाचं नैराश्य आहे असं डॉक्टरांचं निदान आहे. गोळ्या चालू ठेव, झोप येईलच, ती हवीच आहे. मी आता दर रविवारी फोन करणार. सगळं टेपवर रेकॉर्ड झालं आहे, ती टेप मी जपून ठेवली आहे.

जयूला माझे खूप खूप आशीर्वाद. तुम्हा दोघींच्या प्रेमात माझी जागा आहे हे या वेळी मागावं लागलं नाही, आपणहून कळलं.

तुझा
शरच्चंद्र


इंदूर, मुक्काम हॉस्पिटल
१४ ऑक्टोबर २०००

शरच्चंद्र,

आशीर्वाद आतून येत नाहीयेत, तेव्हा कागदावरही लिहीत नाही.

रविवारी तुझा फोन आला. मी जयूला झोपेतून उठवून बसवलं आणि रिसीव्हर तिच्या उजव्या कानाला लावला. ती अशी किंचाळली की शेजारचे धावत आले. रिसीव्हर फेकला तिने. मी तुला सांगितलं तर तू तिकडून म्हणालास की तिच्या भावना अनावर झाल्या असतील. माझ्या मनात तेव्हाच काहीतरी खुपलं. आणि मंगळवारी तुझं पत्र आलं.

भाऊ म्हणाली! अरे गाढवा, जन्मात कधी ती तुला भाऊ म्हणाली आहे? तिला तुझं नाव घेता येत नव्हतं म्हणून तू लहानपणापासून तिचा शच्चू. आपल्या घरात भाऊ म्हणतं कोण आणि कोणाला? मामांना नाही, काकांना नाही, कोणालाच नाही. जो शब्द तिच्या तोंडात कधी नव्हताच तो तुला ऐकू आला, कारण तुला तो ऐकायचा होता.

भाऊ नव्हे रे. बाऊ! बाऊ झाला, बाऊ! गुडघा फुटला की पोर म्हणतं तो बाऊ. तुझ्या गौरीने नाही का म्हटला कधी? आईने जयूला शिकवलं होतं की पांढरा कोट घातलेला माणूस दिसला की बाऊ कुठे आहे ते हात लावून दाखवायचं. माझ्याजवळ, शेजाऱ्यांजवळ बाऊ म्हणून रडत बसायचं नाही, तो शब्द डॉक्टरांचा. आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती ते पाळते आहे. गोपाळ डॉक्टर बुशशर्टात होते म्हणून त्यांना काही बोलली नाही. तुझ्या टीव्हीत पांढरा कोट दिसला, आणि ती पुढे गेली, आणि तिने बाऊ म्हणून सांगितलं, आणि कुठे, तेही हात लावून दाखवलं. एकदा नाही, परत परत. शरू, एवढ्या मोठ्या खोलीत सगळ्यांत शहाण्यासारखी कोण वागली सांग? आणि तुम्ही दोघं शिकलेले पुरुष तिच्या डोळ्यांत बघत रिसीव्हर, रिसीव्हर करत बसलात!

तुझं पत्र टेबलावर टाकून मी उठले. गोळीच्या झोपेत होती, म्हणून चादर सोडवता आली. चादर कानाला चिकटली होती. वास आला. कानामागे एवढी गाठ, कान पुढे ढकलला गेलेला, उशीवर पू. आणि बिचारी ओरडणार कशी, ओरडायची शक्ती तुमच्या गोळ्यांनी काढून घेतली होती. मला किळस आली. घाणीची नाही. शाळेत असल्या घाणी खूप पाहिल्या मी. मला तुमची सगळ्यांची किळस आली.

देवास गेटजवळचे कानाचे डॉक्टर एक नजर टाकून म्हणाले की तासभरही थांबू नका, इंदूरला न्या. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कानातला पू मागच्या हाडात शिरलाय, अजून आत गेला असता तर मेंदूला धोका होता. बुधवारी ऑपरेशन झालं. आज ताप उतरलाय. दूध प्यायली. ऐकू कितपत येईल ते पट्टी सुटल्यावर कळेल म्हणतात.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तुमचा कारभार. तिला विरहाच्या गोळ्या! तुझा विरह, म्हणे. आरशात बघ जरा, कोणाला झुरावंसं वाटेल ते.

फोन करू नकोस. मी येणार नाही फोनवर.

अहल्या


मुंबई
३१ ऑक्टोबर २०००

ती. अक्कांस पल्लवीचा सा. न. वि. वि.

जयूवन्सं घरी आल्या आणि दिवाळीला थोडी पुरणपोळी खाल्ली हे तुमच्या शेजारच्या अलकाताईंना फोन करून कळलं. फार बरं वाटलं. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाका.

तुमचं इंदूरचं पत्र ह्यांना मिळालं त्या दिवशी हे जेवले नाहीत. गॅलरीत बसून राहिले. इंदूरला फोन लावला, तुम्ही आला नाहीत, तेव्हा लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, आता रात्रीच्या गाडीनेच निघतील. मी बॅगसुद्धा भरायला घेतली होती.

पण त्या रविवारी कंपनीचा दिवाळीचा कार्यक्रम होता. भाऊबीज तोंडावर, म्हणून डायरेक्टरसाहेबांनी तीच टेप मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलं होतं, आमंत्रणं गेली होती. मी ह्यांना म्हटलं की आता तरी सांगा, की ते सगळं चुकलं होतं. हे म्हणाले की ऐन वेळी कसं सांगू. आणि अक्का, हे स्टेजवर उभे राहिले. बोलले. शेकडो मैलांवरून माझी बहीण मला भाऊ म्हणाली, विज्ञानाने आम्हाला भेटवलं, असं सगळं बोलले. सगळं माहीत असताना! मग टेप लागली. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मी पहिल्या रांगेत होते, गौरी माझ्या शेजारी. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं की आई, आत्या तर बाऊ म्हणते आहे ना? मला स्वच्छ ऐकू आलं. बाऊ. इतकं स्वच्छ, की आम्हाला लाज वाटून इकडेतिकडे बघवेना. आणि टेपमध्ये मागे डॉक्टर ह्यांच्याशी इंग्रजीत बोलतायत, वन्संकडे कोणी बघतही नाहीये, आणि त्या आपल्या वाट बघत उभ्या आहेत, पुन्हा सांगतायत. टाळ्या वाजल्या तेव्हा मी उठून बाहेर गेले.

बायकोने नवऱ्याबद्दल असं लिहू नये. पण मला त्या दिवशी ह्यांची अगदी शिसारी आली, आणि हे तुमच्याशी नाही बोलायचं तर कोणाशी? वाईट माणूस नाहीत हो ते. चारचौघांसमोर पाय मागे घेता येत नाही, एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणायचं तरी किती वेळा?

जयूवन्संसाठी मऊ कापसाचे दोन रुमाल पाठवले आहेत. माझ्यावरचा राग कमी करा असं म्हणत नाही. मला त्यांच्यात धरू नका, इतकीच प्रार्थना.

तुमची
पल्लवी


मुंबई
८ नोव्हेंबर २०००

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू फोनवर येत नाहीस, म्हणून पुन्हा पत्र. चूक झाली हे मला मान्य आहे. मी काही ते नाकारत नाही.

पण अक्का, सगळा दोष आमच्या माथी मारू नकोस. या लाइनवर ब आणि भ यांच्यातला फरक नीट पोचत नाही, ही तांत्रिक अडचण आहे. आमचे इंजिनियर त्यावर काम करत आहेत. डॉ. टिपणीसांनाही फार वाईट वाटलं. त्यांनी आता नियमच केला आहे की अशा पेशंटबरोबर घरचं माणूस आत बसवायचं. म्हणजे जयूमुळे पुढे अनेकांचं भलंच होणार आहे, हेही बघ.

माझी एक विनंती आहे. २२ तारखेला पुन्हा एकदा फ्रीगंजला ये. या वेळी तू आत बसशील. डॉक्टर टीव्हीवरून तुमची दोघींची माफी मागतील, प्रकृतीची चौकशी करतील. मीही असेन. खरं सांगू का, मी तिकडे आलो असतो, पण दारात उभा राहून तुझ्याकडे बघायची मला हिंमत होत नाही. टीव्हीवर जरा सोपं जाईल. नंतर मग येईनच.

आपण तीनच भावंडं. तुटू देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो.

तुझा
शरू


उज्जैन
१५ नोव्हेंबर २०००

चि. शरू यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

बघ, आशीर्वाद परत लिहिले. तू हिंमत होत नाही असं लिहिलंस, तुझ्या सबंध पत्रात तेवढंच एक वाक्य माझ्या भावाने लिहिलंय. बाकीचं कंपनीने लिहिलंय.

ब आणि भ चं मला सांगू नकोस. तीस वर्षं बाराखडी शिकवली मी. समोरच्या माणसाला काय झालंय हे जाणून घ्यायचं असतं तेव्हा ब काय नि भ काय, माणूस परत विचारतो. बाऊ म्हणजे काय ग, दाखव बरं, एवढं म्हटलं असतंत तर तिने चादरसुद्धा सोडून दाखवली असती. मी दाराबाहेरच बसले होते. एकाने दार उघडून मला विचारलं असतं की ही काय म्हणते आहे, तरी झालं असतं. तुमच्या यंत्राने तिचा शब्द मुंबईपर्यंत नीट नेऊन पोचवला. पुढे तो तुमच्या डोक्यात शिरला नाही, त्याला इंजिनियर काय करणार?

आणि भलं झालं म्हणतोस! तिच्या कानाचा बळी देऊन लोकांचं भलं करायला तिने नवस केला होता का? असली वाक्यं लिहिताना तुला लाज कशी वाटत नाही? मला तर वाचूनच अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

२२ तारखेला मी येणार नाही. त्या टायवाल्यांचा निरोप आला होता, गाडी पाठवतो म्हणाले, फुलांचं पण बोलले. साफ सांगून दिलं की वरातीमागून घोडं आम्हाला नको. डॉक्टरांना माफी मागायची असेल तर ती जयूची मागावी लागेल, आणि जयूला टीव्हीतल्या माणसाची माफी कळत नाही. परवा शेजारच्यांच्या टीव्हीवर कोणीतरी पांढरा कोट घालून दात घासायची पावडर विकत होता. त्याला बघून ही उठली आणि घरात जाऊन दाराला कडी लावून बसली. आईने एवढ्या मेहनतीने शिकवलेलं, ते तुम्ही तिच्याकडून हिसकून घेतलं. आता पुढच्या वेळी तिला काही झालं तर ती कोणाला सांगणार? तिचं ऑपरेशन, तुझी टेप, तुझी कंपनी, सगळं मी एक वेळ विसरेन. पण हे नाही विसरणार. मी आहे तोवर मी बघीन. माझ्या मागे कोण बघणार, हा विचार आला की मला अन्न जात नाही, आणि तू मला टीव्हीवर ये म्हणतोस.

तेव्हा तू ये. रजा काढ, गाडीत बस, आणि ये. माझ्याकडे बघायची हिंमत नसेल तर नको बघूस, मी स्वैपाकघरात बसेन. तिच्याजवळ बस. एका वेळी एकच गोष्ट विचार, आणि विचारलं की गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर हातातलं घड्याळ बघायचं नाही, माझ्याकडे तर अजिबात बघायचं नाही. हो-नाहीचं काही विचारूच नकोस. तिला विचारलं की तू उज्जैनची कलेक्टर आहेस का, तरी हो म्हणेल. मोठ्या माणसांना नाही म्हणू नये असं आपणच तिला शिकवलंय. दाखव म्हण. हात धरून ने म्हण. महिनाभर असा बसलास तर ती तुला सांगेल. पांढरा कोट नाही, तर शच्चू तरी. आईने केलं ते तुला करता आलं पाहिजे, कारण पुढे तुलाच करायचं आहे. मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही.

तुझ्या पत्रात माफी आहे, इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत. तिच्या कानाचं काय झालं हे मात्र तू एका ओळीने विचारलेलं नाहीस. मी पत्र दोनदा वाचून शोधलं.

पल्लवीला सांग, रुमाल पोचले, फार मऊ आहेत. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही. गौरीला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तुटलेला नाही, पण तो टपालाने पाठवायचा मी बंद केला आहे. इथे येऊन घेऊन जा.

तुझी
अक्का

ता. क. येशील तेव्हा तिच्या डाव्या बाजूला बस. उजव्या कानाने तिला आता काहीच ऐकू येत नाही.